आप्पांच्या गाडीचा पिवळा दिवा

पिनवाल्यांना हे नाव धंद्याने दिलं आणि पिना बायकोने. म्हणजे दिल्या असं ते म्हणतात. बायको म्हणते, चोरल्या. जुन्या गाड्यांत इंजिनाच्या कडेला काळ्या झाकणाची एक डबी असते. त्या डबीतल्या दोन ठरावीक भोकांत केसांची पिन वाकवून घातली आणि चावी फिरवली, की आत डॅशबोर्डावरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागतो. दोनदा लुकलुकला, जरा थांबला, परत दोनदा लुकलुकला, की तो कोड झाला बावीस. बावीस म्हणजे पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. आपल्याला कुठे दुखतंय ते गाडी असं डोळे मिचकावून सांगते.

"पण घरात कोण रडतंय एवढंच कळतं हो," पिनवाले गिऱ्हाइकाला म्हणत, "कोणी मारलं ते आपणच शोधायचं असतं."

हे वाक्य त्यांनी इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की हल्ली अर्ध्यावर आल्यावर त्यांना स्वतःलाच जांभई यायची. गिऱ्हाईकही आता फोनवर कोड बघून येई आणि दुकानात आल्यासारखं म्हणे, "सेन्सरचा कोड आलाय, सेन्सर द्या बदलून." पिनवाले एक तुटकी वायर जोडून देत. गाडी सुरळीत चाले, पण गिऱ्हाईक तोंड पाडून जाई. नवीन काही बसवलं नाही, मग दुरुस्ती ती कसली! पिनवाल्यांनी वाद घालणं केव्हाच सोडलं होतं. खाली वाकलं की वर यायला काहीतरी कारण लागावं, अशा वयाला त्यांचे गुडघे मालकाच्या आधीच पोचले होते. आठवड्यातून एक सुट्टी, त्या दिवशी पालथं पडून झोपायचं, एवढीच काय ती त्यांची चैन.

त्या दिवशी बायको स्वतः चहा घेऊन गॅरेजमध्ये आली, तेव्हाच ते सावध झाले. एरवी चहा प्यायला त्यांनाच आत घरात जावं लागे.

"आप्पा गाडी घेऊन येतायत," ती म्हणाली. "सकाळी चालू होत नाही, पेट्रोल ढोसते, काळा धूर सोडते."

"बघतो."

"बघू नका. इंजिन गेलं म्हणून सांगा."

आप्पा म्हणजे तिचे वडील. गेल्याच आठवड्यात त्यांनी शेजाऱ्यांच्या कुंड्या आडव्या करून गाडी थेट त्यांच्या पायरीला टेकवली होती, आणि वर शेजाऱ्यांनाच विचारलं होतं, की पायरी पुढे कधी घेतलीत? डोळ्यांचं नाव काढलं, की ते चष्मेवाल्याला शिव्या देत. पण सुट्टीच्या दिवशी गावाच्या दुसऱ्या टोकाला धाकट्या बहिणीकडे जायचं, पत्ते कुटायचे, भांडून परत यायचं, हा त्यांचा नेम होता. स्वतःची बायको वारल्यापासून आठवडाभर ते त्या एका दिवसावर जगत. गाडी गेली की तेही गेलं.

"तूच सांग ना त्यांना, गाडी चालवू नका म्हणून."

"मी सांगितलं तर ते महिनाभर बोलायचे नाहीत माझ्याशी."

"आणि माझ्याशी?"

"तुमच्याशी ते बोलतात तरी कुठे? इंजिनाशी बोलतात." कप घेऊन ती आत गेली.

पिनवाल्यांना खोटं बोलणं येत नव्हतं असं नाही. बायकोच्या नव्या साडीबद्दल ते उत्तम बोलत. पण नसलेला कोड आहे म्हणून सांगणं त्यांना आजवर जमलं नव्हतं, आणि या वयात नवीन विद्या शिकायचा उत्साह नव्हता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. तेवढ्यात आप्पांची गाडी धूर सोडत आली आणि दरवाज्याच्या खांबाला जेमतेम वाचवून थांबली.

"जावईबापू! खोकला लागलाय हिला. लवकर बघा, सुट्टीच्या आत पाहिजे मला."

त्या गाडीतली डबी सैल झाली होती. पिन हाताने दाबून धरावी लागे, त्यामुळे कामाला दोन माणसं लागत: एकाने बॉनेटखाली पिन धरायची, दुसऱ्याने आत बसून लुकलुक मोजायची. आप्पा स्टिअरिंगमागे ताठ बसले. उघड्या बॉनेटमुळे दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं.

"चावी फिरवा, आप्पा. आता मोजा."

बराच वेळ शांतता. मग आतून खणखणीत आवाज आला, "चार! आणि... एक!"

एक्केचाळीस. हे वेगळंच दुखणं. पण कोड तीनदा वाचल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, ही पिनवाल्यांची पद्धत.

"परत."

"तीन! आणि पाच!"

आता पस्तीस. पिनवाले पिन धरून ओणवेच राहिले. एक्केचाळीस, पस्तीस, अजून एखादा आला की इंजिन गेलं म्हणायला काय हरकत होती? आकडे त्यांचे नव्हते, आप्पांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. सुंठीवाचून खोकला जात होता. बायको खूश, शेजाऱ्यांच्या कुंड्या सुरक्षित, आणि आपण मोकळे. त्यांच्या दुखऱ्या पाठीलासुद्धा हा विचार पटला.

"परत एकदा, आप्पा."

"नऊ! आणि नऊ!"

नव्याण्णव नावाचं दुखणं त्या गाडीला देवाने दिलेलंच नव्हतं.

पिनवाल्यांनी फडक्याचा बोळा करून पिनेवर दाबून बसवला, गुडघ्यांवर हात ठेवून सरळ झाले आणि दाराशी गेले. दिवा आपला शहाण्यासारखा लुकलुकत होता: दोन, जरा थांबून, दोन. आप्पा हनुवटी वर करून त्याच्यासमोरच बसले होते, पुढचा आकडा ओठांवर तयार ठेवून.

"काय हो, पुढचा केव्हा लागणार?" त्यांनी विचारलं.

"लुकलुकतोय की, आप्पा."

"आत्ता?"

"आत्ता."

आप्पा वाकले. नाक स्टिअरिंगला लागेपर्यंत वाकले. "पिवळा होय! असला फिका रंग देतात का? लाल द्यावा, माणसाला दिसेल असा."

"लाल दिवा तेलाचा असतो."

"मग तो तरी लागलाय का?"

चावी फिरवली की तो लागतोच, आणि आप्पांच्या नाकासमोर तो जळतही होता. पिनवाल्यांना क्षणभर वाटलं, नाही म्हणून टाकावं. "लागलाय," ते म्हणाले.

आप्पांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. पिनवाले तिथेच दाराला टेकून उभे राहिले. कुठेतरी टेकायला त्यांनाही हवंच होतं.

"आपल्याला न दिसणारं सांगायचं म्हणजे अवघड काम हो," आप्पा म्हणाले. "पाच म्हणू की सहा, काही कळत नव्हतं."

"नव्याण्णव जरा जास्तच झालं."

"झालं खरं." ते हसले, पण हसू पुढे गेलं नाही. "पोरीने तुम्हाला काय सांगायला सांगितलंय?"

"इंजिन गेलं म्हणून."

"मग म्हणाला का नाहीत?"

"गेलं नाही म्हणून. सेन्सरच्या तोंडाशी गंज आलाय बहुतेक. घासला की चालेल."

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. नवऱ्याकडे डोळे मोठे करून तिने विचारलं, "काय निघालं? इंजिनच ना?"

पिनवाल्यांनी तोंड उघडलं, पण आप्पांनी त्यांना बोलू दिलं नाही. चावी काढून ती खिडकीतून पिनवाल्यांच्या काळ्या हातावर ठेवत ते म्हणाले, "इंजिन ठणठणीत आहे. ड्रायव्हर बदलायला सांगितलाय."

बायको वडिलांकडे बघत राहिली. मग कुंड्यांच्या दिवसापासून दाबून ठेवलेलं रडू तिला तिथेच आलं.

"अगं, रडतेस काय? बहिणीकडे जायचं सोडलेलं नाही मी," आप्पा म्हणाले. "सुट्टीला गॅरेज बंदच असतं ना यांचं?"

गाडीचा खोकला गेला आणि पिनवाल्यांची झोपही. त्या सुट्टीला भरदुपारी ते आप्पांच्या गाडीत स्टिअरिंगमागे बसून जांभया देत होते. आप्पा शेजारी बसून वाट दाखवत होते.

"जरा सावकाश घ्या, जावईबापू. कुत्रं आहे समोर."

समोर कोणीतरी टाकलेली कचऱ्याची पिशवी होती. पिनवाल्यांनी गाडी सावकाश घेतली.