न कापलेली पानं

माझ्याकडे पीएचडीला नुकतीच लागलेली वैशाली पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचं प्रकरण घेऊन आली. त्यातल्या एका सिद्धांतावर बोट ठेवून मी विचारलं, "हा सिद्धांत तुला पटला का?"

"सर, सगळ्यांनीच घेतलाय."

मला शिसारी आली. तिला तडक ग्रंथालयात नेलं आणि त्या सिद्धांताचं मूळ पुस्तक काढायला लावलं. त्याची पानं कडेला अजून एकमेकांना जोडलेलीच होती. छापल्यापासून कुणी कापलीच नव्हती. शेजारच्या कपाटातल्या प्रबंधांमध्ये मात्र याच पुस्तकाचे दाखले. एकाचं उष्टं दुसऱ्यानं खायचं, दुसऱ्याचं तिसऱ्यानं, आणि मूळ ताटावरचं झाकण कुणी काढायचंच नाही!

"कुणाच्या प्रबंधातून उचललास?" मी ओरडलोच.

जोडलेल्या पानांकडे बघत वैशाली हळूच म्हणाली, "तुमच्याच, सर."

मी तिच्याकडून पट्टी मागून घेतली आणि पहिलं पान कापलं.