गुडघ्याएवढी द्राक्षवेल

शेषराव माळ्यांना मी त्यांच्या बायकोपुढे खोटं ठरवलं. ते खोटं बोलत नव्हते, हे मला चार वर्षांनी कळलं.

१९३४ साली मी साहित्य घेऊन बी. ए. झालो. अमरावतीत वडिलांची वकिली होती. तीत पडायचं नव्हतं, म्हणून हिवरखेडच्या शाळेत मास्तर झालो. शेषरावांनी मला ओसरीलगतची खोली दिली. ते चाळिशीचे, मी बाविशीचा. तरी मैत्री झाली. त्यांना बोलायला आवडे आणि मला संध्याकाळी काम नसे.

वांगी, मिरची, झेंडू असा त्यांचा मळा होता. विशीत मात्र ते १९१४च्या मोठ्या लढाईत खेचरं सांभाळायला फ्रान्सला गेले होते. लढाईबद्दल ते बोलत नसत. बोलत ते एकाच जागेबद्दल. थकलेल्या खेचरांना विसावा म्हणून एका किल्ल्याच्या आवारात ठेवलं होतं. भोवती टेकडीभर द्राक्षं होती.

"मांडव नाही, काठी नाही," ते सांगत. "गुडघ्याएवढी एकेक वेल. आपली आपण उभी, तुरीवानी."

तोडणीच्या दिवसांत त्यांनीही सुरी घेऊन घड कापले होते. तशी द्राक्षं त्यांना विहिरीमागच्या अर्ध्या एकरात लावायची होती. पण ती जमीन त्यांच्या बायकोच्या, शकुनकाकूंच्या माहेरची. काकू म्हणत, "मी न पाह्यलेल्या झाडाले जागा देत नाही."

म्हणून तशीच दिसणारी झाडं दाखवायला मे महिन्यात शेषराव आम्हाला चिखलदऱ्याला घेऊन गेले. काकू, त्यांची तेरा वर्षांची मुलगी रुख्मिणी आणि मी. त्या घरातल्या कुणीही नुसतं पाहायला म्हणून कधी गाव सोडलं नव्हतं. काकूंनी तर शेजारणींना रिद्धपूरला दर्शनाला जातो, असं सांगितलं होतं. परतवाड्याहून मोटारीनं घाट चढलो. रुख्मिणीला दोनदा उलटी झाली. शेषराव खिडकीतून एकेक उतार दाखवत होते.

आधी गाविलगड पाहिला. पडक्या भिंती, तळी, वारा.

"बाबा, तुमचा किल्ला असाच होता काय?" रुख्मिणीनं विचारलं.

"नाही. त्यात लोक राहत. वरच्या खिडकीत धुनं वाळत असे."

मी हसलो. मी वाचलेल्या पुस्तकांतल्या किल्ल्यांत उमराव राहत, मेजवान्या होत. धुणं कधी वाळलं नव्हतं.

मग एका बंगल्यामागचा कॉफीचा बगीचा. तिथल्या माळ्यानं आत सोडलं. छाटलेली बुटकी झाडं उतारावर ओळीनं उभी होती. शेषराव वाकले. गुडघ्याजवळ हात आडवा धरला.

"इतकी. अशाच ओळी. आता पाह्यलं ना?"

काकूंनी पान उलटं करून पाहिलं. माती चुरून पाहिली. मग विचारलं, "पानी किती लागते?"

नाही म्हणायचं असतं तर काकूंनी पाणी विचारलंच नसतं. ते मला आज कळतं. शेषरावांना तेव्हाच कळलं होतं. त्यांचा चेहरा उजळला.

तेवढ्यात रुख्मिणी माझ्याकडे वळली. "मास्तर, तुमी तं शिकलेले. खरंच असं असते काय?"

"असेल" म्हणता आलं असतं. "मला ठाऊक नाही" म्हटलं असतं तर ते खरंही झालं असतं. पण तिघं माझ्याकडे पाहत होती, आणि मला ते आवडलं.

मी म्हणालो, "लढाई झाली फ्रान्सच्या उत्तरेला. तिथं थंडी. द्राक्षं होतच नाहीत. आणि वेल मांडवाशिवाय उभी राहील कशी? ती काय तूर आहे?"

रुख्मिणी फिसकन हसली. काकूंनी हातातली माती झटकली.

"म्हंजे सोळा वर्सं आमाले बनवून राहिले तुमी," त्या म्हणाल्या. रागानं नाही, हसूनच.

शेषरावांचा हात अजून गुडघ्याजवळ आडवा होता. तो त्यांनी खाली घेतला.

त्या पावसाळ्यात विहिरीमागे संत्र्याची रोपं लागली. घरात कुणी थाप मारली की "फ्रान्सातलं हाय" म्हणायची पद्धत पडली. शेषरावही हसत. किल्ल्याची गोष्ट मात्र त्यांनी पुन्हा सांगितली नाही. पुढच्या वर्षी मी अमरावतीला परतलो.

१९३९ साली वडिलांचे स्नेही केशवराव यांच्याकडे गेलो होतो. ते जनावरांचे डॉक्टर होते. त्याच मोठ्या लढाईत खेचरांच्या पलटणीबरोबर होते. त्यांनी जुने फोटो पेटीतून बाहेर काढले. एकात खेचरांची रांग होती. मागे गोल बुरुजांचं घर. त्याच्या वरच्या खिडकीत धुणं. आणि बाजूच्या उतारावर बुटकी झुडपं, ओळीनं.

"ही झुडपं कसली?" मी विचारलं.

"द्राक्षं. आम्हालाही नवल वाटलं होतं. आमची बोट मार्सेलला लागली, दक्षिणेत. लढाई तिकडे वर. आजारी खेचरं सगळी खाली ठेवत."

मी फोटो मागून घेतला. दुसऱ्या दिवशी हिवरखेडला पोचलो. शेषराव विहिरीपाशी होते. केस पिकले होते. फोटो हातात दिला. त्यांनी तो उन्हात धरला आणि बराच वेळ पाहिला.

"धुनं दिसते पाहा," ते हळूच म्हणाले.

"काका, माझं चुकलं. मी आत्ता काकूंना सांगतो."

"काहून?" त्यांनी मागे बोट केलं. संत्र्याची झाडं माझ्या खांद्याला आली होती. "चार वर्सं तिनं घागरीनं पानी घातलं. आता तिले सांगशीन, तं ती या झाडाईकडे कशी पाहीन? राहू दे, मास्तर."

काकू दारात आल्या. "काय पाहून राहिले दोघं?"

शेषरावांनी फोटो माझ्या हातात दिला. "मास्तरच्या मामाचं लगन."

"कुठं झालं? फ्रान्सात?" काकू म्हणाल्या आणि हसल्या.

शेषरावही हसले. मी फोटो खिशात घातला.