जयंतीचा वरणभात

कवितेसाठी माणसं उपाशी ठेवणारी बाई आमच्या आत्याशिवाय अख्ख्या डोंबिवलीत दुसरी नसेल, आणि हे मी अभिमानाने सांगतोय. राष्ट्रकवींची जयंती लोक पुतळ्याला हार घालून साजरी करतात. आत्या कोपरच्या आपल्या घरी पुरण घालून करते. पुरणपोळी, कटाची आमटी, अळूवडी, सगळं साग्रसंगीत. नियम एकच: आधी कविता, मग पोळी. तीही तोंडपाठ. कागद चालत नाही, मोबाईल तर दाराशी चपलांजवळ ठेवायचा. पंगतीच्या सुरुवातीला कवींची एक लांबलचक कविता आत्या स्वतः खड्या आवाजात म्हणते. तोवर झाकणाला हात लावायची कुणाची टाप नाही. मी एकदा भर उन्हात ठाण्याहून आलेलो, भुकेने जीव कासावीस, आणि नेमकं दुसरं कडवं अडलं. "अरे, नुसतं गिळायला आलायस का?" म्हणत तिने पोळी परत परातीत ठेवली. शेजारचे वकील दोन ओळी म्हणून मोकळे झाले, तर त्यांना अर्धीच पोळी मिळाली.

सगळ्यात हाल आतोबांचे, म्हणजे आत्याच्या यजमानांचे. पोळ्या लाटायच्या त्यांनी आणि खायचा वरणभात. लग्नापासून त्यांचं एकच उत्तर, "मला नाही बुवा पाठ होत." नवरा म्हणून सवलत नाही. मात्र पंगत उठली की आत्या त्यांच्यासमोर बसून सुरुवातीची ती लांबलचक कविता पुन्हा पहिल्यापासून म्हणते. "ऐका नीट. पुढच्या वर्षी तरी येऊ द्या."

गेल्या वर्षी जयंतीच्या तोंडावर आत्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. बोलायला सक्त मनाई, आणि आवाज पुन्हा येईल याची खात्री डॉक्टरही देईनात. तरी बाईने पुरण घातलंच. आम्ही पानांवर बसलो आणि ती झाकलेल्या परातीजवळ नुसती उभी. सुरुवातीची कविता म्हणणार कोण? आम्हाला आपापले तुकडे येत होते, ती अख्खी कुणालाच नाही. माझी मुलगी हळूच मोबाईलकडे सरकली, तशी आत्याने डोळे वटारले. मग तेच डोळे भरून आले. पानं उचला, अशी तिने खूण केली. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात ओट्यापाशी, हातात लाटणं तसंच धरून, आतोबांनी सुरुवात केली. शेवटच्या ओळीपर्यंत कुठे अडखळणं नाही. आत्या थांबते तिथे थांबत होते, ती आवाज चढवते तिथे चढवत होते. आम्ही बघतच राहिलो.

"आतोबा, मग इतकी वर्षं वरणभात का खाल्लात?" मी विचारलं.

"अरे, येते म्हणालो असतो, तर जेवणानंतर तिने मला ती पुन्हा कशाला म्हणून दाखवली असती?"

आत्याने त्यांच्या पानात दोन पोळ्या वाढल्या आणि वर तुपाची धार सोडली.

यंदा आत्याचा आवाज परत आलाय. जरा घोगरा, वरच्या पट्टीत फाटणारा. पंगतीत तिने आतोबांकडे पाहिलं. "विसरलो बुवा सगळं," म्हणत त्यांनी वरणभात पुढे ओढला. माणसं पांगली, मी चपला घालत होतो, तेव्हा ती त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. "ऐका नीट," म्हणाली आणि पहिल्या ओळीपासून सुरू झाली. मी दार हळूच ओढून घेतलं.