सागाच्या पानाचा रंग

परवा नातीनं सागाचं कोवळं पान चोळलं, तिचा तळहात लालभडक झाला, आणि मला परतवाड्याचं आमचं मागचं अंगण आठवलं. शाळेत पानांच्या रंगात रुमाल रंगवून न्यायचा होता. विधवा काकूनं कुठल्याही रंगाला हात लावायचा नाही, हे आईनं बजावून ठेवलेलं. तरी माझे हात खराब होऊ नयेत म्हणून पानं कुटायचं, पिळायचं काम मी काकूलाच लावलं. संध्याकाळी आईनं तिचे हात पाहिले. "रांडे, कोणासाठी मेंदी लावली वं?" काकू म्हणाली, "पोरीच्या शाळेचं काम होतं, जाऊबाई." आई माझ्याकडं वळली. "तुनं सांगितलं काय इले?" मार चुकवायला मी म्हटलं, "नाई." मग आईनं राख आणि विटेचा तुकडा घेऊन काकूचे तळवे सोलून निघेपर्यंत घासले. काकू रडली नाही, नुसती माझ्या स्वच्छ हातांकडं पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी बाईंनी माझा रुमाल वर्गभर फिरवला आणि विचारलं, "हा कोणी रंगवला?" मी ताठ उभी राहून म्हटलं, "मी." परवा नात हात धुता धुता विचारत होती, "आजी, हा रंग जातो ना गं?" "जातो," मी म्हटलं.