स्विनर्ड आणि डुकरे

संत्रं सोलताना सालीचा कडवट वास नखाखाली बसला की मला सौसरचं आमचं अंगण आठवतं आणि मान खाली जाते. बोरगावच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेल्या इंग्रज इंजिनियरला मी घरी जेवायला आणलं होतं. जेवण झाल्यावर बाबा खाटेवर बसून त्याला संत्री सोलून देत होते. त्याचं आडनाव स्विनर्ड, त्यांच्याकडेही आता क्वचितच सापडणारं. त्याचा अर्थ डुकरं राखणारा, आमचे पूर्वज तेच करायचे, असं सांगून तो पोट धरून हसला. मी ते मराठीत सांगताच बाबा खुलले. "मंग तं हा आपला सोयराच निघाला. सांग त्याले, आमी डुकरे हावो म्हणून," असं म्हणत त्यांनी टाळीसाठी हात पुढे केला. कारखान्यात मी आडनावाऐवजी नुसतं 'डी' लावायचो. पाहुण्याला मी इंग्रजीत सांगितलं, आमच्या आडनावाचा अर्थ किल्ला राखणारे. त्यानं अदबीनं मान हलवली. बाबांचा हात तसाच राहिला. "काहून हासून नाई राहिला तो?" त्यांनी विचारलं. आत्ताच पोट धरून हसलेला माणूस समोर असताना मी म्हणालो, "ते लोक असं हासत नाईत, बाबा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात मागे घेतला आणि दुसरं संत्रं सोलायला घेतलं. आता दारावरच्या पाटीवर मी पूर्ण आडनाव ठळक अक्षरात लिहून घेतलंय, पण ते वाचून टाळी मागणारा माणूस घरात उरला नाही.