तिसऱ्या ठोशाचं पाऊल

नांदेडच्या शिबिरात माझी जी फजिती झाली ती आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तायक्वांदो शिकवणाऱ्यांचं तीन दिवसांचं शिबिर होतं. मुखेडहून मी एकटीच गेले होते. दहा वर्षं शिकलेली, आता आपल्याच सरांच्या हाताखाली पोरींना शिकवणारी, त्यामुळे मान जरा ताठच होती. पहिल्या सकाळी शिबिर घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, सगळ्यांनी पहिला फॉर्म करा. पहिला फॉर्म म्हणजे अगदी नवख्याला शिकवतात तो ठरलेल्या हालचालींचा क्रम. डावीकडं वळून हातानं खालचा वार अडवायचा, एक ठोसा मारायचा. उलटं वळून पुन्हा तेच. मग समोर वळून अडवायचं आणि एकेक पाऊल पुढं टाकत तीन ठोसे, तिसऱ्यावर आरोळी. झोपेत करीन मी! केला. तिसऱ्या ठोशाला आरोळी ठोकली आणि बघते तर काय, आख्खा हॉल माझ्यापुढं एक पाऊल निघून गेलेला. मी एकटी मागं, जागच्या जागी ठोसा मारून उभी.

लोक हसले. मला कुणी हसलेलं अजिबात खपत नाही, घरचेही भितात. मी तिथंच मोठ्यानं सांगितलं, "आम्हाला सरांनी असंच शिकवलंय. दोन ठोसे पुढं जाऊन, तिसरा जागेवर." त्यावर अजून हसले.

दुपारी मॅडमनी मला बाजूला बोलावलं. वाटलं, आता झाडणार. त्यांनी उलट फॉर्मची जन्मकथाच सांगितली. ओकिनावा नावाच्या बेटावर मोठ्या माणसांचे लांबलचक, अवघड फॉर्म होते. तिथं शाळेतल्या मुलांना शिकवायची वेळ आली तेव्हा ते तोडून सोपे केले गेले. ही विद्या पुढं जपानात गेली आणि नवख्यांसाठी त्याहून सोपा धडा बांधला गेला, एकच बचाव आणि एकच ठोसा. जपानात राहून शिकलेल्या कोरियन तरुणांनी तो आपल्या देशात नेला आणि आपल्या भाषेत त्याला नाव दिलं, किचो. किचो म्हणजे पाया. कोरियानं पुढं स्वतःचे नवे फॉर्म रचले, पण कितीतरी क्लासांत नवा माणूस अजूनही ह्याच फॉर्मनं सुरुवात करतो.

"म्हणजे ज्यानं ज्यानं नेला त्यानं त्यानं बदलला," मी फणकारले, "आणि चूक फक्त आमच्या सरांची होय?"

मॅडम हसल्या. "ज्यांनी बदलला, त्यांना का बदलतोय ते ठाऊक होतं. तुझ्या सरांनी का बदलला? विचारलंस कधी?"

"न्हाई."

"मग विचार. आणि दोन महिन्यांनी लातूरला परीक्षा आहे, परीक्षक मीच आहे. पोरींना नीट करून आण."

विचारणार कसं? आमचे सर म्हणजे मुखेडातले शिंपी. दुकान त्यांच्या वडिलांपासूनचं. तरुणपणी शिलाईचं काम शिकायला नांदेडला गेले आणि तिथं एका गुरूंकडं तायक्वांदोही शिकून आले. आमचं घर शेतकऱ्याचं. मी क्लासचं नाव काढलं तेव्हा आप्पा म्हणाले होते, "हातपाय मोडून घेतीस का?" तर सर सायकल मारत आमच्या गावी आले आणि बांधावर बसून आप्पांशी तासभर बोलले. जाताना आप्पांनीच त्यांना हुरड्याला यायचं आवतण दिलं. अशा माणसाला मी सांगू, की सर, तुम्ही आम्हाला दहा वर्षं चुकीचं शिकवलं? मला राग येत होता, खोटं कशाला बोलू. पण त्यांचा चारचौघांत अपमान होईल ह्या भीतीनं तो राग पोटातच राहिला.

मग मी आगाऊपणा केला. रविवारी सकाळी सर दुकानात असायचे. तेवढ्या वेळात शाळेच्या मैदानावर अकरा पोरींना बरोबर फॉर्म शिकवला. इतर दिवशी सरांसमोर त्यांचाच चालू. पोरींनी नावंही पाडली, एक 'सरांचा' आणि एक 'लातूरचा'. मी बजावलं, परीक्षेत लातूरचाच करायचा. पोरी म्हणाल्या, "हाव ताई."

सर परीक्षेला येणार नाहीत असं मी धरून चालले होते. निघायच्या दिवशी बघते तर इस्त्रीचा शर्ट घालून स्टँडवर हजर! पोरींचे अकराही पांढरे ड्रेस त्यांनी स्वतः शिवले होते. "माझ्या पोरींची पहिली परीक्षा, आन् मी काय दुकानात बसू?" म्हणाले.

लातूरला मैदानाच्या कडेला त्यांना खुर्ची दिली, ती नेमकी पोरींच्या समोर. मॅडमनी इशारा केला. पोरींनी सरांकडं बघितलं. आता पोरीच त्या. सर समोर बसलेत आणि सरांचा सोडून दुसरा करायचा, हे त्यांच्या जिवाला पटेना. एक ठोसा पुढं, दुसरा पुढं, तिसरा जागेवर. एवढं मोठं मोकळं मैदान, आणि माझ्या अकराच्या अकरा पोरी पुढं भिंत असल्यासारख्या अडल्या. आरोळी मात्र दणदणीत.

मॅडमनी पेन खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी काही बोलायच्या आत आमची सगळ्यात धाकटी पोरगी पुढं झाली. "मॅडम, ह्यो सरांचा हाय. लातूरचाबी येतो आमाला, ताईनं शिकवलाय. करून दाखवू का?"

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं!

सर उठले. "कोणता लातूरचा?" त्यांनी शांतपणे विचारलं. मॅडमनी सांगितलं की तिसऱ्या ठोशालाही पाऊल पुढं जातं. सरांचे पाय जागच्या जागी हलत होते, ओठ मोजत होते. मग कपाळावर हात मारून म्हणाले, "या अल्ला! पोती!"

कुणालाच काही कळेना. मग त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

"मॅडम, ही ताई यायच्या आधी धान्याच्या मोंढ्यात एका आडतीच्या मागं पत्र्याच्या शेडमधी क्लास काढला मी. तिसऱ्या पावलाला तुरीच्या पोत्यांची थप्पी. पोरं थेट पोत्यावर जाऊन आदळायची. म्हणलं, तिसरा जागेवरच मारा, पोती उचलली की पाऊल शिकवतो. एक माल गेला की दुसरा यायचा. लई वरसं गेली तशात. मग शाळेचं मैदान भेटलं. पोती तिथंच राहिली, पाऊलबी तिथंच राहिलं. मीच विसरून गेलो. गलती माझी हाय, पोरींची न्हाई. त्यांना नापास करू नका."

कुणी हसलं नाही. मॅडम उठून त्यांच्याजवळ गेल्या आणि लवून नमस्कार केला. "सर, हा फॉर्म असाच घडत आलाय, पुढ्यात जे आहे ते बघून," त्या म्हणाल्या. "पण आता पोती नाहीत. पोरींना म्हणा, लातूरचा दाखवा." सरांनीच आज्ञा दिली. पोरी तिसरं पाऊल टाकत पुढं गेल्या. सगळ्या पास झाल्या, अकरा जणींना पिवळा पट्टा मिळाला.

परतताना चाकूरला गाडी बदलायची होती. पोरी भजी खायला पांगल्या तेव्हा सरांनी विचारलं, "किती दिवस झाले तुला कळून?"

"दोन महिने."

"दोन म्हैने तू माझ्यासमोर गलत करून राहिली?"

"सर, तुमचा अपमान होईल म्हणून..."

"अपमान मैदानात न्हाई झाला, बेटा. तिथं तर त्या बाईनं मान दिला. तुला वाटलं, ह्याला सांगून काय उपयोग, ह्याला सोसायचं न्हाई. तिथं झाला."

मला रडू फुटलं. स्टँडवरची माणसं बघायला लागली, पण मला थांबताच येईना. शिबिरात हसले ते लोक परके होते. मी तर घरची होते, आणि मीच त्यांना कच्चं धरलं होतं. सरांनी मला रडू दिलं, समजूत काढली नाही. मग खिशातला चष्मा काढून माझ्या हातात ठेवला आणि बाह्या दुमडल्या.

"चल, शिकव."

"इथं? सर, घरी गेल्यावर..."

"इथंच. न्हाईतर परत विसरीन."

चाकूरच्या स्टँडवर, भर दुपारी, उभ्या गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत सर माझ्यासमोर नवख्यासारखे उभे राहिले. मी आज्ञा दिल्या. पोरी भज्यांचे कागद हातात धरून गोल करून उभ्या राहिल्या. पहिला ठोसा, दुसरा ठोसा. तिसऱ्याला सर कचरले, पुढं बघितलं आणि पाऊल टाकलं. आरोळी अशी दिली की कंडक्टर खिडकीतून वाकून बघायला लागला.

"गुडघा बरोबर हाय का, मॅडम?" त्यांनी मला विचारलं.

मी डोळे पुसले. "न्हाई सर," मी म्हणाले, "अजून वाकवा."

त्यांनी वाकवला.