नुसता लिंब

माझी चुलती गोजाबाई हिला कुठलंच नाव पुरतं घ्यायची सवय नव्हती. नवऱ्याचं तर ती घेतच नसे, पण परसातल्या गोडलिंबालाही नुसता ‘लिंब’ म्हणायची. ही खोड एकदा चांगलीच तिच्या अंगाशी आली.

लग्न होऊन पिंपरीला आली, तेव्हा माहेराहून गोडलिंबाचा बोटभर फुटवा तिनं ओच्यात घालून आणला होता. तीस वर्षांत विहिरीजवळ त्याचं पुरुषभर झुडूप झालं. कढी असो, चिवडा असो, वाळल्या पानांची चटणी असो, त्याच्याशिवाय तिची फोडणी पडत नसे. दत्तोबाकाकांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची अन्नावरची वासनाच उडाली. त्या पानांच्या कढीनं तेवढे चार घास पोटात जायचे. म्हणून चोपन्न साली कारखान्यासाठी जमीन गेली, तेव्हा काकी मुकादमाकडे गेली ती घरासाठी नाही, झुडपासाठी.

“भाऊ, समदं पाडा. हिरीजवळचा लिंब तेवढा राखा. आमच्या मानसाचा जीव हाय त्यो.”

मुकादम इनायत भला माणूस. “शब्द दिला, बाई,” म्हणाला.

आम्ही चिंचवडला बिऱ्हाड हलवलं. पंधरा दिवसांनी काकी झाड बघायला गेली, मीही बरोबर होते. विहिरीपलीकडच्या थोरल्या कडूलिंबाला इनायतनं स्वतःच्या हातानं दगडी पार बांधला होता. गोडलिंब जमिनीलगत तोडलेला.

“राखला ना, बाई?”

त्याचा आनंद बघून काकीला रागावता येईना. “राखलासा,” म्हणाली, आणि त्याच पारावर बसून रडली. खरं काय ते मला सांगावं लागलं. इनायतचं तोंड उतरलं. पुरतं नाव घेतलं असतं तर हिची जीभ झिजली असती का, असं मला वाटलं. मग तिच्याकडे बघितलं आणि माझाच मला राग आला.

गोडलिंब मात्र चिवट. तोडला की मुळांतून दहा ठिकाणी वर येतो. श्रावणात इनायत घमेल्यात मातीसकट एक रोप घेऊन आमच्या दारात उभा.

“या वेळी हुंगून आणलाय,” म्हणाला.

त्याला काकीनं जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

रोपाला डहाळ्या दोनच. खुडल्या तर ते जगायचं नाही. मग काकी बिनपानाची कढी करायची आणि काकांचा पाट रोपाशेजारी मांडायची. काका चालत्या हाताची बोटं पानांवर हलकेच चोळायचे आणि त्याच हातानं भात कालवायचे. दोन वर्षं ते असे जेवले.